मापवहीत माझं पान नव्हतं

माझ्याकडे सात मापवह्या आहेत. पहिली २००२ सालची, शंभर पानी, कव्हर कधीच निघून गेलेली. छाती, कंबर, मुंढा, शोल्डर, पुढचा गळा, मागचा गळा, बाहीची उंची, दंडघेर. सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या भागातल्या तीन-चारशे बायका तरी त्या वह्यांत असतील. काही जणींची पाच-पाच मापं आहेत, लग्नाआधीचं, बाळंतपणानंतरचं, ऑपरेशननंतरचं. काही जणी आता नाहीत, मापं मात्र आहेत. या सगळ्यांत माझं स्वतःचं पान नाही, हे गेल्या वर्षापर्यंत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

माझे ब्लाऊज मी मापाच्या ब्लाऊजवर बेतायची. चॉकलेटी रंगाचा, सुती अस्तराचा, दिराच्या लग्नात शिवलेला. शिवणीत आपण जास्तीचं कापड ठेवतो, माया, ती मी त्याला भरपूर ठेवली होती. अंग भरत गेलं तशी तीनदा उसवली आणि तीनदा नवी टीप मारली. त्याची बाजू उलटून बघितली तर टिपांच्या जुन्या भोकांच्या तीन रांगा दिसतात. वरचं कापड उन्हानं आणि धुण्यानं विटलेलं, मायेतून बाहेर आलेल्या पट्ट्या मात्र नव्यासारख्या गडद. डॉक्टरांच्या वजनकाट्याआधी त्या ब्लाऊजनं मला सगळं सांगितलं होतं. मी ते वाचलं नाही, एवढंच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पायाच्या पोटऱ्या ठणकतात म्हणून तपासायला गेले. वय सेहेचाळीस. पाळी लांबायला लागलेली. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४. रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आली. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी उंबऱ्यात उभी. डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधून टेप काढला. माझ्या गळ्यात दिवसभर असतो तसाच पिवळा टेप, फक्त त्यांनी तो सेंटिमीटरच्या बाजूनं धरलेला. बेंबीजवळून फिरवला तेव्हा मी पोट आत ओढलं.

“श्वास सोडा ताई,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य माझं आहे. वीस वर्षं रोज चार-पाच बायकांना मी हे सांगत आलेय. माप घेताना प्रत्येक बाई पोट आत घेते, त्या मापावर शिवलं की दुसऱ्या दिवशी ब्लाऊज परत येतो, ‘घट्ट झालाय की हो काकू’. आणि इथं मीच श्वास धरून उभी. कंबर १०४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या बायकांची ८० च्या आत हवी, असं त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात इंच केले. एक्केचाळीस आणि साडेएकतीस. साडेनऊ इंच म्हणजे एक अख्खी लहान मुलगी झाली, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात आलं.

त्यांनी घाबरवलं नाही. सुरुवातीला वजनाच्या पाच-सात टक्के कमी करा, तेवढ्यानंही साखरेत फरक पडतो, असं सांगितलं. ८४ चे पाच टक्के म्हणजे चार किलो. चार किलो ऐकायला बरं वाटलं. २१ म्हणाल्या असत्या तर मी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नसते.

वजन कसं उतरलं ते लोक सगळ्यात आधी विचारतात, आणि सांगण्यासारखं त्यात सगळ्यात कमी आहे. तीन भाकऱ्यांच्या दीड झाल्या. भाकरी ज्वारीची असली तरी ती मोजायची असते, हे मला नवं होतं. आपल्याकडे भाकरी म्हटलं की सगळं माफ. शेंगाची चटणी हे दुखणं जास्त अवघड. सोलापूरच्या माणसाला चटणी सोड म्हणणं म्हणजे वारकऱ्याला वारीला जाऊ नको म्हणण्यातला प्रकार. मूठभर शेंगदाण्यात जवळजवळ एका भाकरीइतकी ताकद असते, वर आपण त्यात तेल ओतणार आणि चटणी चांगली झाली म्हणून आणखी अर्धी भाकरी घेणार. सोडली नाही. चहाचा एक चमचा, डोंगर न करता, एवढी ठरवली. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र बंद केली. उपासाच्या दिवशीच मी सगळ्यात जास्त खात होते, हे वहीत लिहायला लागल्यावर कळलं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे लहानपणापासून म्हणत आले आणि तेच करत आले. जेवणात मटकीची उसळ, ताक, दोन अंडी वाढली. कारण या वयात वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि नुसतं कमी खाल्लं तर ते आणखी जातात.

चालायला कंबर तलावावर जायची. पाटीवर आता धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण आमच्या तोंडात कंबर तलावच. कंबर कमी करायला कंबर तलावावर, हा विनोद आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात सात वेळा केला. मे महिन्यात साडेपाचला निघावं लागायचं, साडेसातला ऊन चावायला लागतं. वजनं उचलण्याचा व्यायामही करा, असं डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला सांगितलं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी तळघरातल्या टाकीतून वरच्या मजल्यावर किती बादल्या चढतात ते येऊन बघा. त्या हसल्या, म्हणाल्या, मग त्या रोज चढवा. तेव्हापासून पाण्याचा दिवस नसेल त्या दिवशी दोन पाच-पाच लिटरचे कॅन भरून जिना चढते. शेजारणीला वाटलं आमचं पाणी संपतंय, बिचारीनं दोनदा विचारलं.

महिन्याला एक-दीड किलो. मध्ये अडीच महिने काटा हललाच नाही. जून २०२४ ला ६३ झालं, साखर ५.६ वर आली. एकोणीस महिने, एकवीस किलो. एवढंच.

खरी गोष्ट दहा किलो गेल्यावर सुरू झाली.

आधी केस गेले. विंचरताना मुठीत यायचे, फरशी झाडताना झाडूला गुंडाळायचे. वजन उतरायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि पुढं परत येतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी रात्री बाथरूममध्ये बसून रडले नसते. मग गाल बसले. डोळ्यांखाली खड्डे आले. चेहऱ्यावरचं मांस गेलं तशी मागं लपलेली म्हातारी पुढं आली. अंगठी सैल झाली, तिला खालून दोरा गुंडाळला. जोडवी निसटायला लागली. एक तर तलावावर हरवलं, ते मी दोन दिवस वाकून शोधत होते.

आणि लोक. सोलापुरात कुणी बारीक झालं की पहिला प्रश्न तब्येतीचा. “शुगर निघाली का?” “थायरॉईड का?” एक बाई तर अस्तराचं कापड द्यायला आल्या, दारातच माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “कुठं दाखवलंय? मुंबईला टाटात एकदा दाखवून घ्या.” मी म्हटलं, “अहो, मी ठणठणीत आहे.” त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना ब्लाऊजची शिलाई आगाऊ देऊन गेल्या. पूर्व भागातून येणारी माझी जुनी गिऱ्हाईक, घरी तेलुगू बोलणारी, नुसतं “अक्का, काय झालं?” म्हणाली आणि पुढच्या वेळी डब्यातून इडल्या घेऊन आली. तिचा राग आला नाही.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. सून अंगानं भरलेली असली की घर सुखात आहे, हा त्यांचा हिशेब. रोज दीड भाकरीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, “दिवसेंदिवस वाळूलालीस की गं. लोक म्हणतील सासू उपाशी ठेवतीय.” मी हसायचे. पण आंघोळीनंतर आरशात बघताना तोच शब्द आठवायचा. वाळूलालीस.

आता ते सांगते जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वजन उतरलं की अंग आटोपशीर होईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पोटाखाली कातडीची घडी लोंबली. दंडाखालची कातडी हात वर केला की हलते. मांड्यांवर आतून सुरकुत्या पडल्या. उन्हाळ्यात घडीखाली घाम साचून चट्टे आले, खाज सुटली, ते ओलं ठेवायचं नाही म्हणून आत सुती पंच्याची पट्टी घालायला लागले. ८४ किलोला मला माझं पोट आवडत नव्हतं, पण ते निदान भरलेलं होतं. हे रिकाम्या पोत्यासारखं. दिवा बंद करून कपडे बदलायची सवय मला जाड असताना नव्हती, बारीक झाल्यावर लागली. ह्यांच्या ते लक्षात आलं. बोलले काहीच नाहीत. दिव्याचं बटण माझ्या बाजूला आहे, ते त्यांनी कधी लावलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सरळ सांगितलं, क्रीमनं हे जाणार नाही, पैसे घालवू नका. वर्षानुवर्षं ताणलेली कातडी वय झाल्यावर पूर्ण मागं येत नाही. ऑपरेशन करून काढता येते, पण ती गरज नसून इच्छा आहे. कातडीत ताण धरणारा जो पदार्थ असतो त्याचं नावच इलॅस्टिन आहे, म्हणाले. मला खुदकन हसू आलं. त्यांना वाटलं मी रडतेय, त्यांनी टिश्यू पुढं केला. आता त्यांना काय सांगणार, की परकराचं इलॅस्टिक एकदा मेलं की मेलं, नवं घालावं लागतं, हे मी पोरींना शिवणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवते. घरी येताना रिक्षात मला तो चॉकलेटी ब्लाऊज आठवला. माया शिवणीच्या आत राहते म्हणून कुणाला दिसत नाही. माझी बाहेर आली होती, आणि ती आत दाबायला टीप नव्हती.

कपड्यांचं मी जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. ६३ किलोची मी ८४ किलोचे ब्लाऊज घालत होते. दोन्ही बाजूंनी हातशिलाईचे टाके टाकलेले, लांब-लांब, कच्चे. मशीनवर पक्की टीप मारली नाही. जास्तीचं कापड कापलं तर नाहीच. बगलेत त्या कापडाचा बोळा व्हायचा, पदर घेतला तरी फुगा दिसायचा. गिऱ्हाइकाचं असं काम मी दारातून परत पाठवलं असतं. पण मनात पक्कं होतं, हे टिकणार नाही. सहा महिन्यांत परत येईल, मग कापलेलं कापड कुठून आणू? वजन उतरवलेली माणसं परत फुगतात, हे मी मापवह्यांत बघितलंय. खोडलेलं ३८, वर ३४, पुन्हा खोडून ४०. नवा ब्लाऊज बेततानासुद्धा मी तोच चॉकलेटी पसरायची आणि त्याच्या कडेनं खडू फिरवायची. हात आपोआप जायचा.

चालण्यातही तसंच. अरुंद बोळातून समोरून कुणी आलं की मी अजून भिंतीला चिकटून तिरकी व्हायची. सिटी बसमध्ये दोघांच्या सीटवर अर्धी मांडी बाहेर ठेवून बसायची. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय दाबून बघायची. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत.

गड्ड्याच्या जत्रेत एक प्रसंग घडला. लेक बारा वर्षांची असताना सिद्धेश्वरांच्या यात्रेला आम्ही होम मैदानावर मोठ्या पाळण्यात बसायला गेलो होतो. पाळणेवाल्या पोरानं मला बघितलं आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही एकट्या बसा. पोरीला दुसऱ्यात बसू दे, बॅलन्स जातोय.” मागं रांग होती, कुणीतरी हसलं. लेक आधी हसली, मग माझ्याकडं बघून गप्प झाली. तेव्हापासून दरवर्षी गड्ड्यावर गेलो की माझी मान अवघडायची, पाळण्यात बसायचं म्हटलं की मी पिशव्या सांभाळत खाली. २०२५ च्या जानेवारीत लेक पुण्याहून आली, आता वीस वर्षांची, आणि मला ओढतच घेऊन गेली. वर फिरताना अख्खं मैदान दिसत होतं, लांब तलावाच्या मधोमध देवळाचे दिवे. पण ते नंतर. आधी पाळणा खाली थांबला, पोरानं दांडी उघडली, लेक चढली आणि मी बाजूला सरकून उभी राहिले. पुढच्या पाळण्याची वाट बघत. पोरगा वैतागून म्हणाला, “बसा की लवकर मावशी, लाईन लागलीय.” त्यानं माझ्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. लेक आतून हात पुढं करून बसली होती. तिला ते आठवत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. वर गेल्यावर तिनं माझा दंड धरला, तो सैल, हलणारा, आणि खाली येईपर्यंत सोडला नाही.

कौतुकही व्हायला लागलं होतं एव्हाना. तब्येतीची शंका फिटल्यावर लोकांना सूर सापडला. “काय छान दिसायला लागलात!” “दहा वर्षं मागं गेलात.” “इंजेक्शन घेतलं का? हल्ली ते आलंय म्हणे.” एकीनं डब्यातली पावडर विकायला माझा आधीचा आणि नंतरचा फोटो मागितला. मी पावडरीला हातही लावला नव्हता, पण त्यानं तिला काही फरक पडत नव्हता. चाटी गल्लीत ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं अस्तर आणि ब्लाऊज पीस घेते, तिथला गल्ल्यावरचा माणूस आधी मला न विचारता गडद रंग काढायचा. काळा, बॉटल ग्रीन, वांगी कलर. “तुम्हाला डार्कच खुलतो काकू.” परवा त्यानं आपण होऊन अबोली आणि पिस्ता कलर पुढं टाकले.

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला, आणि तो कुणावर काढावा कळेना. ती ८४ किलोची बाई काय गुन्हेगार होती? मशीनवर दहा-दहा तास बसून तिनं लेकीची इंजिनिअरिंगची फी भरली. ह्यांची मिल बंद पडली तेव्हा घर तिनं चालवलं. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत हुक लावत बसायची आणि झोप येऊ नये म्हणून शेजारी फरसाणाचा डबा. ते फरसाण तिच्या पोटावर बसलं, आणि ती फी विद्यापीठात पोचली. तिला कुणी अबोली रंग दाखवला नाही. मीसुद्धा नाही. आता छान दिसतेस म्हणणारा प्रत्येक जण मागं वळून तिला एक टपली मारतो, असं मला वाटत राहायचं. अजूनही थोडं वाटतं.

आणि एक. मी माप घेते तेव्हा बायका काय काय बोलतात, ते मला आता वेगळं ऐकू येतं. “बाही कोपरापर्यंत ठेवा काकू, दंड दिसायला नको.” “मागचा गळा लहान ठेवा, पाठीवर वळ्या आहेत.” बारीक मुली उलट, “पॅड घाला, सपाट दिसतं.” चोवीस वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत मला आजवर एक बाई भेटलेली नाही जी टेप लावताना म्हणाली, आहे तसं शिवा. माप मी पूर्वी मोठ्यानं सांगायची आणि हाताखालची मुलगी लिहून घ्यायची. एकदा एका नवरीचं ४२ म्हटलं, बरोबर आलेली सासरची बाई “अगंबाई” म्हणाली आणि पोरीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून मी आकडे बोलत नाही, स्वतःच लिहिते. इतरांचं एवढं जपलं. स्वतःचा आकडा मात्र वहीतच घेतला नाही, म्हणजे जपण्याचा प्रश्नच मिटला.

गेल्या वर्षी वैशाखात भाचीचं लग्न होतं. हिरवा चुडा भरायला आम्ही सगळ्या मधल्या मारुतीजवळ गेलो. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखं म्हटलं, “दोन-आठ द्या.” कासारीण पन्नाशीची असेल, तोंडात पान. तिनं दोन-आठ काढलाच नाही. माझा हात स्वतःच्या हातात घेतला, अंगठा आत वळवला, चार बोटांची गाठ दाबली. जसं मी शोल्डरवर बोट टेकवून खांद्याचं हाड शोधते, तसं ती हाड शोधत होती. आकडा तिनं मला विचारलाच नाही.

“दोन-सहा,” ती म्हणाली.

“नाही हो, मला दोन-आठच लागतात.”

“लागत होत्या.” आणि बांगडी चढवलीसुद्धा. काच हाडावरून गेली, किंचित दुखलं, आणि मनगटावर जाऊन बसली. दोन्ही हातांत सहा-सहा भरल्या. माझ्या हाताच्या पाठीवर आता शिरा दिसतात, त्यावर हिरव्या बांगड्या. ती पुढच्या बाईकडं वळलीही होती. बारीक झालात नाही, छान दिसता नाही, तब्येत कशी नाही. हाताला जे माप होतं ते तिनं सांगितलं, पैसे घेतले.

रात्री मला झोप आली नाही. बांगड्या वाजत होत्या, त्याही सवयीच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. माझ्याकडे शिकायला एक मुलगी येते, बारावी झालेली, हात चांगला आहे, पण मुंढ्याचा गोल अजून चुकतो. लग्नासाठी मी माझ्याकरता खणाचा पीस आणून ठेवला होता. चाटी गल्लीतल्या त्या माणसाला न विचारता घेतलेला, हळदी रंगाचा. मी कपाटातून चॉकलेटी ब्लाऊज काढला, पाटावर पसरला, खडू हातात घेतला. मग ठेवून दिला. गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “माझं माप घे.”

ती गोंधळली. “तुमचं काकू?”

“मग काय मशीनचं? घे.”

पाठीचं आणि शोल्डरचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, टेप सरकतो, ही सबब मला इतकी वर्षं पुरली होती. तिची बोटं गार होती. दंडाला टेप गुंडाळताना कातडी टेपाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली, ती थांबली, आवळू की सैल धरू तिला कळेना. मी म्हटलं, “टेपाखाली एक बोट राहील एवढं धर. सगळ्यांना धरतो तसंच.” पोट आत घेतलं होतं ते माझ्या लक्षात आलं. सोडलं.

“मोठ्यानं सांगू का लिहू?”

“सांग.”

छाती सदतीस. कंबर बत्तीस. शोल्डर साडेचौदा. दंडघेर साडेबारा. तिनं सातव्या वहीचं कोरं पान उघडलं, वर माझं नाव लिहिलं, शेजारी तारीख. बेंबीजवळचं माप ब्लाऊजला लागत नाही, तरी मी घ्यायला लावलं. चौतीस. डॉक्टरीणबाईंच्या साडेएकतीसच्या अजून अडीच इंच वर. तेही लिही म्हटलं.

मग पुठ्ठ्यावर आखणी काढायला बसली. मी चहा टाकला. चॉकलेटी ब्लाऊज अजून पाटावर तसाच होता, तिनं तो घडी करून बाजूला ठेवला. खडू कापडावर टेकवला आणि मान वर न करता विचारलं, “काकू, माया किती ठेवू?”

गिऱ्हाइकाला आम्ही एक इंच ठेवतो. माझ्या जिभेवर दोन आलं होतं.

“अर्धा,” मी म्हटलं. चहाला उकळी आली, गॅस बारीक केला. “थांब. एक ठेव. सगळ्यांना ठेवतो तेवढी.”